चाकू जमवणाऱ्या नवऱ्याला चाकू भेट देताना

हे लिहायचं कारण एवढंच की मी शोधाशोध करत होते तेव्हा मराठीत यावर काहीच सापडलं नाही, आणि इंग्लिश-जर्मनमध्ये जे सापडलं ते सगळं आधीच सगळं कळणाऱ्या लोकांनी एकमेकांसाठी लिहिलेलं. मला चाकूतलं ओ की ठो कळत नव्हतं. स्वयंपाकघरात एक मोठी सुरी, एक छोटी सुरी आणि सासूबाईंनी हट्टाने बॅगेत घालून दिलेली घडीची विळी, संपलं. नवरा मात्र गेली बारा-पंधरा वर्षं चाकू जमवतोय, मुख्यतः खिशात मावणारे घडीचे. तर अशा माणसाला चाळिसाव्या वाढदिवसाला चाकूच द्यायचा म्हटल्यावर काय काय करावं लागलं, किती पैसे गेले, जर्मनीतला कायदा कुठे कुठे आडवा येतो, ते जसं घडलं तसं सांगते. आम्ही ड्युसेलडॉर्फला राहतो. मी वकील नाही, नियम बदलत राहतात, तेव्हा तुमच्या वेळेला एकदा तपासून घ्या.

सुरुवात झाली ती एक चाकू घरातून जाण्यापासून. ऑगस्ट २०२४ मध्ये झोलिंगेनला शहराच्या ६५० वर्षांच्या उत्सवात एकाने चाकूहल्ला केला, तीन माणसं गेली. झोलिंगेन आमच्यापासून लोकल ट्रेनने अर्ध्या तासावर, आणि गाव सगळ्या जगात प्रसिद्ध कशासाठी तर चाकूसुऱ्यांसाठी, त्यामुळे त्या आठवड्यात आमच्याकडे दुसरा विषयच नव्हता. त्यानंतर कायदा कडक झाला, ३१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू. बटण दाबल्यावर खाटकन उघडणारे स्प्रिंगचे चाकू आधी काही अटींवर चालायचे, म्हणजे पातं बाजूने उघडणारं, ८.५ सेंटिमीटरपर्यंत आणि एकाच बाजूला धार असलेलं असेल तर. आता थोडे अपवाद सोडले तर तेही बंद. ज्यांच्याकडे आधीपासून होते त्यांना १ ऑक्टोबर २०२५ पर्यंत मुदत होती, तोवर पोलिसात नेऊन दिला तर शिक्षा नाही.

नवऱ्याकडे तसा एक होता. रीतसर दुकानातून घेतलेला, बिलसुद्धा फाईलला लावलेलं. मुदत संपत आली तसा तो रोज म्हणायचा बघू, करू. शेवटी ऑगस्टमध्ये मीच पोलिसांच्या हत्यार विभागाला ईमेल लिहायला लावली. इथे आमच्या राज्यात हे काम पोलिसांकडेच असतं, नगरपालिकेकडे नाही. उत्तर यायला दोन आठवडे लागले आणि टेर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, मिळाली सप्टेंबरच्या मध्यावर. ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलेलं की चाकू बंद डब्यात पॅक करून आणा, आत आल्या आल्या सांगा आणि सांगेपर्यंत बॅगेत हात घालू नका. पासपोर्ट, रेसिडेन्स कार्ड आणि एक पानाचा फॉर्म, त्यात वर्णन, पात्याची लांबी आणि मोबदला नको अशी सही. फी काही लागली नाही. समोरच्या बाईंनी पातं पट्टीने मोजलं, पावती दिली, दहा मिनिटांत बाहेर. नवरा घरी येईपर्यंत काही बोलला नाही. मग ड्रॉवरमधल्या कापडावर त्या चाकूची जी जागा होती तिथे ती पावती घडी करून ठेवली. मला हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं. तेव्हाच डोक्यात आलं की नोव्हेंबरच्या वाढदिवसाला चाकूच द्यायचा.

आता खरी पंचाईत. जमवणाऱ्या माणसाला त्याच्याच विषयातली वस्तू देणं म्हणजे गवयाच्या घरी जाऊन गाणं म्हणण्यासारखं आहे. जे चांगलं ते त्याच्याकडे असतं, आणि जे नसतं ते बऱ्याचदा त्याला नको असतं म्हणून नसतं. वर त्याची एक्सेल शीट आहे! नाव, देश, स्टील, कधी घेतला, कितीला घेतला, शेवटी शेरा. त्यात ‘पुढे घ्यायचे’ असं एक पान पण सापडलं आणि मला क्षणभर वाटलं की चला, प्रश्न सुटला. पण दोन्ही नावं चारशे युरोच्या पुढची, आणि शिवाय मला वाटतं की ते पान त्याचं त्याला राहू द्यावं. वर्षभर शोधायचं, भाव बघायचे, रात्री बारा वाजता कुठल्या तरी लिलावावर डोळा ठेवून बसायचं, ह्यातच त्याची निम्मी मजा आहे. ती आपण विकत आणून संपवायची कशाला.

मग गुरुवारी तो बॅडमिंटनला गेला की मी ड्रॉवर उघडून फोटो काढायचे. प्रत्येक चाकूचा बंद फोटो, उघडा फोटो, आणि पात्याच्या बुडाशी जो शिक्का असतो त्याचा जवळून. हे जरूर करा, दुकानात सगळ्यात जास्त उपयोग ह्याच फोटोंचा झाला. परत ठेवताना ज्या दिशेला तोंड होतं त्याच दिशेला ठेवा, ह्या लोकांना कळतं.

ड्रॉवरमध्ये काय होतं थोडक्यात: फ्रान्सचे ओपिनेल तीन वेगवेगळ्या साइजचे, लाकडी मूठ आणि गळ्याशी फिरणारी कडी. पहिल्या पगारातून घेतलेला लाल स्विस व्हिक्टोरिनॉक्स. जपानी हिगोनोकामी, पितळी पत्र्याची मूठ आणि मागे बोटाने दाबायची शेपटी. एक मोठा काळा अमेरिकन, जो मला सगळ्यात भारी वाटत होता. आणि सासऱ्यांचा सुपारी-ऊस-पेन्सिल सगळ्याला चालणारा जुना घडीचा चाकू, ज्याचं पातं धार लावून लावून निम्मं झालंय. रामपुरी एक आहे तो चिपळूणला कपाटात, तो इथे आणायचा विषयच नाही.

मग ऑनलाइन बघणं सुरू केलं आणि पहिले काही दिवस नुसता गोंधळ. डोळे आपोआप जातात ते दमास्कसकडे, म्हणजे पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असते ते. दोन गोष्टी कळल्या. एक, तीस-चाळीस युरोला जो ‘दमास्कस’ मिळतो त्यात बऱ्याच वेळा साध्या स्टीलवर लेझरने किंवा ॲसिडने नक्षी काढलेली असते. खऱ्यात वेगवेगळ्या स्टीलचे थर एकत्र ठोकलेले असतात आणि नक्षी पात्याच्या पाठीवर, म्हणजे बोथट कडेवरही चालू राहते, फोटोत तिथे बघायचं. दोन, खऱ्यातही लोक गोष्ट विकतात. ब्योकर म्हणून झोलिंगेनची १८६९ ची कंपनी आहे, त्यांनी लेपर्ड रणगाड्याच्या तोफेच्या नळीच्या पोलादाचे आणि टिर्पिट्झ ह्या नाझी काळातल्या युद्धनौकेच्या पोलादाचे पण दमास्कस चाकू काढलेत. लोक हौसेने घेतात, घेऊ देत. मला वाढदिवसाच्या केकशेजारी युद्धनौका नको होती.

जपानहून मागवायचा विचार केला होता. तेव्हाच्या नियमाने दीडशे युरोच्या वर गेलं की कस्टम ड्यूटीचा प्रश्न होता आणि व्हॅट १९ टक्के तर लागतोच, पार्सल कस्टममध्ये अडकलं तर बिलं घेऊन आपण हजर व्हायचं. तारीख गाठायची असेल तर हा मार्ग नको. इथल्याच ऑनलाइन दुकानांतून मागवता येतं पण त्यात दुसरी गंमत, बरीच दुकानं वय तपासूनच पार्सल देतात, पोस्टमन हातात देताना ओळखपत्र बघतो, शेजाऱ्याकडे ठेवत नाही. आमच्याकडे घरून काम करणारा माणूस कोण तर नवरा. म्हणजे त्याचंच सरप्राइज त्यानेच सही करून घ्यायचं. मग म्हटलं एवढं झोलिंगेन उशाला असताना हे सगळं कशाला, उठून जावं.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी गेले, नवऱ्याला सांगितलं मैत्रिणीबरोबर चाललेय. डॉइचलंड-तिकीट, म्हणजे देशभर लोकल गाड्या-बसला चालणारा महिन्याचा पास आहे, तेव्हा महिन्याला ५८ युरो होतं, त्यामुळे प्रवासाचा वेगळा खर्च नाही. एक लक्षात ठेवा, झोलिंगेनचं मुख्य स्टेशन ओहलिग्स भागात आहे, जुनं शहर तिथून बरंच लांब, पुढे बस घ्यावी लागते. बस म्हणजे वरून विजेच्या तारांवर चालणारी ट्रॉलीबस, जर्मनीत आता मोजक्याच गावांत उरलीये. बस बदलून ग्रेफ्राथला उतरले. पाटीच्या काळ्या दगडाने मढवलेली घरं, पांढऱ्या खिडक्या, हिरवी दारं, आणि वर टेकडीवर जुन्या मठाच्या इमारतीत पात्यांचं म्युझियम, डॉइचेस क्लिंगेनम्युझियम. सोमवारी बंद असतं.

तिथे तलवारी भरपूर आहेत, मी त्या भराभर ओलांडल्या. माझं लक्ष वेधलं ते काट्याचमच्यांनी आणि प्रवासात न्यायच्या घडीच्या सुऱ्यांनी. एका काचेसमोर बराच वेळ उभी राहिले, कारण तिथे पहिल्यांदा डोळ्यांना कळलं की पात्याचा आकार हा कामातून आलेला असतो. टोकदार कशाला, बोथट कशाला, पोट फुगीर कशाला. वाचून हे डोक्यात शिरलं नव्हतं. तुम्हाला यातलं काही कळत नसेल तर दुकानाच्या आधी म्युझियम करा, उलटं नको.

शहरात परत येऊन फ्रोनहोफवरून चालत गेले, जिथे तो हल्ला झाला होता तो चौक. शनिवारची गर्दी, लोक आइस्क्रीम खात बसलेले. चाकू घ्यायला आलोय आणि इथून चाललोय, ह्याचं थोडं विचित्र वाटलं, ते लपवत नाही.

दुकान छोटं होतं, काउंटरमागे सत्तरीचे आजोबा. मी जर्मनमध्ये पाठ करून गेलेली वाक्यं म्हटली, माझा नवरा जमवतो, बजेट दीडशेपर्यंत, काहीतरी खास हवंय. ते म्हणाले फोटो आहेत का. मी फोन दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेक फोटो मोठा करून बघायला लागले, पण चाकूचं नाव बघत नव्हते, पात्याची कड आणि मुठीचे कोपरे बघत होते. शेवटी तीन फोटोंवर बोट ठेवलं. “हे तीन ते वापरतात. बाकीचे नुसते बघतात.”

ते तीन म्हणजे मधला ओपिनेल, हिगोनोकामी आणि सासऱ्यांचा जुना. तिन्हींची पाती करडी-निळसर डागाळलेली. मी ती अस्वच्छता समजत होते. ते म्हणाले हे साधं कार्बन स्टील आहे, सफरचंद कापा, कांदा कापा, त्याचा रंग बदलत जातो, आणि तुमच्या नवऱ्याला तेच आवडतंय. तो मोठा काळा अमेरिकन, मला भारी वाटणारा, त्याच्यावर एक ओरखडा नव्हता. म्हणजे आठ-दहा दिवस मी जे एका हाताने उघडणारे, लॉकवाले (म्हणजे उघडल्यावर पातं पक्कं अडकून बसणारे), चकचकीत बघत बसले होते ते सगळे यादीतून गेले. ह्याला दोन्ही हातांनी, नखाने उघडायचे, साधे चाकू आवडतात. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि हे मला फोटो बघून तिसऱ्या माणसाने सांगितलं.

योगायोगाने कायद्याच्या दृष्टीनेही ते बरंच झालं. जर्मनीत एका हाताने उघडून लॉक होणारे चाकू आणि १२ सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याचे न मिटणारे चाकू सार्वजनिक ठिकाणी सहज खिशात घालून फिरता येत नाहीत, ठोस कारण लागतं किंवा कुलूपबंद डब्यात न्यावे लागतात, दंड दहा हजार युरोपर्यंत जाऊ शकतो. घरी ठेवायला हरकत नाही. पण ज्याला ट्रेकला खिशात टाकून न्यायचाय त्याला भेट देताना हे बघायलाच हवं. साध्या, लॉक नसलेल्या घडीच्या चाकूला हा नियम लागत नाही. मात्र जत्रा, बाजार, लांब पल्ल्याच्या गाड्या इथे २०२४ नंतर चाकू म्हणजे चाकू, छोटा-मोठा बघत नाहीत.

आजोबांनी मग विचारलं तुमच्या नवऱ्याचं गाव समुद्राकडचं आहे का. त्यांना का वाटलं देव जाणे, पण ह्याचे आजोबा खरंच बोटीवर होते, कोकणातल्या त्या पिढीतले अर्धे लोक मुंबईच्या गोदीतून बोटीवर गेलेले. मी सांगितलं तसे ते खालच्या खणातून एक चाकू घेऊन आले. खलाशांचा चाकू, जुन्या पद्धतीचा. धार पट्टीसारखी सरळ, आणि वरची पाठ शेवटाला गोल वळून धारेला मिळते, टोकच नाही. कारण हलत्या बोटीवर दोर कापताना तोल गेला तर भोसकलं जाऊ नये. मूठ धुरी देऊन काळपट केलेल्या ओकची, आणि त्यात बसवलेला पितळेचा नखाएवढा नांगर. कुठे चकचकाट नाही.

मग त्यांनी मला बघायला शिकवलं, तेवढं सांगते कारण कुठल्याही घडीच्या चाकूला चालेल. चाकू मिटवून उजेडासमोर धरायचा, पातं दोन्ही बाजूंना न घासता मधोमध बसतंय का बघायचं. अर्धवट उघडून पातं हळूच डावी-उजवीकडे हलवायचं, डुगडुगता कामा नये. मुठीवर बोट फिरवायचं, लाकूड आणि धातू जिथे भेटतात तिथे पायरी लागली नाही पाहिजे. आणि आवाज ऐकायचा. उघडताना शेवटाला खट् असा एकच आवाज आला पाहिजे, मिटताना पण. त्यांनी शेजारचा त्याच मॉडेलचा दुसरा उघडला तर त्याचा आवाज किंचित बसका होता. हाताने जुळवतात त्यामुळे प्रत्येक नग वेगळा, म्हणून शक्य असेल तर दुकानात जाऊन दोन-तीन उघडून बघूनच घ्या. मी चौथा उघडलेला घेतला.

पात्यावर झोलिंगेन कोरलेलं होतं ते पण त्यांनी दाखवलं. हे नाव कायद्याने राखलेलं आहे, पातं बनवण्याची महत्त्वाची सगळी कामं झोलिंगेनच्या हद्दीत किंवा शेजारच्या हान गावात झाली असतील तरच वापरता येतं. मोठ्या नावांच्या स्वस्त मालावर कंपनीचं नाव असतं पण झोलिंगेन नसतं, कारण तो बाहेर बनलेला असतो. वाईट असतो असं नाही, पण पैसे देताना माहीत असावं.

किंमत ९२ युरो. त्यावर नाव कोरून हवं होतं, त्याचे १८ वेगळे. आजोबा म्हणाले कोरायचं काम बाहेर देतो, तीन आठवडे धरा, आणि एकदा कोरलं की परत घेणार नाही. ऑनलाइन घेतलं तरी हेच, १४ दिवसांत परत करायचा हक्क खास बनवून घेतलेल्या वस्तूला नसतो. म्हणून शंका असेल तर कोरू नका, चाकूऐवजी डबीवर कोरून घ्या. मला शंका नव्हती. नवऱ्याचं नाव नको होतं, ते काय त्याला माहितीये. ‘चिपळूण’ एवढंच हवं होतं, देवनागरीत, पात्याच्या बुडाशी लहान अक्षरात.

इथे तीन आठवड्यांचे पाच झाले. आठवड्याने ईमेलवर नमुना आला, त्यात लिहिलेलं ‘चपिळूण’. त्यांच्या सॉफ्टवेअरला देवनागरी जुळवता येत नाही, पहिली वेलांटी च च्या आधी यायच्या ऐवजी नंतर जाऊन बसली. मी कळवलं की चूक आहे, त्यांनी नम्रपणे उत्तर दिलं की आम्ही तुमचा मजकूर जसाच्या तसा चिकटवलाय. त्यांच्या दृष्टीने खरंच होतं ते, जर्मन माणसाला काय दिसणार त्यात. मग मी इंकस्केप हे फुकट सॉफ्टवेअर घेतलं, मुक्ता फॉन्टमध्ये शब्द लिहिला, त्याचं अक्षरातून आकारात रूपांतर केलं, त्यात तो पर्याय ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ नावाने मिळतो, आणि एसव्हीजी फाईल पाठवली. परदेशात कुठेही मराठी कोरून, छापून घ्यायचं असेल तर मजकूर किंवा फॉन्ट पाठवूच नका, आकार पाठवा आणि सोबत बरोबर दिसणाऱ्या शब्दाचा फोटो. त्यांनी कळवलं की अक्षरं चार मिलिमीटरपेक्षा लहान केली तर मधल्या पोकळ्या भरून जातात, म्हणून जरा मोठं केलं. दुसरा नमुना बरोबर आला. तो आईला, भावाला आणि ऑफिसातल्या एका मराठी मैत्रिणीला दाखवला, कारण एकच शब्द पंधरा वेळा बघितल्यावर तो बरोबर आहे की नाही हे कळेनासं होतं.

आईला दाखवला तिथे वेगळंच सुरू झालं. “अगं चाकू कोणी भेट देतं का? सुरी हातात सुद्धा देत नाही आपण, खाली ठेवतो.” मी म्हटलं त्याला तेच आवडतं. “आवडू दे, पण त्याच्याकडून एक रुपया तरी घे, म्हणजे विकल्यासारखं होईल.” मी बरं म्हटलं आणि विसरले.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुकानातून फोन आला, तयार आहे. शुक्रवारी ऑफिसमधून लवकर निघून गेले. आजोबांनी पातं बोटभर कापडाने पुसून दाखवलं, ‘चिपळूण’ स्वच्छ आलं होतं, ण च्या काठ्या सुटसुटीत. मग तेलाची छोटी बाटली घ्या म्हणाले, बालिस्टोल, इथे १९०४ पासून सगळ्याला हेच चोळतात, कार्बन स्टीलला पातळ हात फिरवायचा नाहीतर गंजतं. डबी बंद करताना त्यांनी गल्ल्यातून एक सेंटचं नाणं काढून आत टाकलं. मी बघत राहिले तर म्हणाले, हे नवऱ्याने तुम्हाला परत द्यायचं, नाहीतर चाकू नातं कापतो. मी आईचं सांगितलं तसे ते खूश झाले आणि एक रुपया म्हणजे किती सेंट ते विचारलं. म्हटलं तुमचा सेंटच महाग आहे.

जाता जाता काउंटरवर सासूबाईंसाठी भाजी चिरायची छोटी लाकडी मुठीची सुरी दिसली, १४ युरोची, तीही घेतली.

परत येताना डबी सीलबंद पिशवीत, पिशवी बॅगेच्या तळाशी, वर लॅपटॉप आणि डबा. बॅगेत तयार हाताला लागेल असा नाही, पॅक करून न्यायचा, एवढंच तत्त्व आहे. लोकलने आले, इंटरसिटीने नाही, कारण लांब पल्ल्याच्या गाड्यांत आणि त्यांच्या स्टेशनांवर चाकूबंदी आहे, पॅक केलेला चालतो, पण तपासणी झाली तर समजावत कोण बसणार. ड्युसेलडॉर्फला उतरले तर मैत्रिणीचा मेसेज, ख्रिसमस मार्केट सुरू झालंय, ये ग्लूवाइन (मसाला घातलेली गरम वाइन) प्यायला. मार्केट म्हणजे बाजार, तिथे चाकू अजिबात नको, तेव्हा सरळ घरी. वाढदिवसाचं जेवण आल्टश्टाटमध्ये, म्हणजे ड्युसेलडॉर्फच्या जुन्या शहरात, ठरलं होतं, जेवताना द्यायचा बेत होता. पण तो भाग २०२१ च्या शेवटापासून शस्त्रबंदीचा आहे, पाट्या लावल्यात. म्हणून बेत बदलला आणि सकाळीच चहाबरोबर दिला.

त्याने डबी उघडली, आधी नाणं बघितलं, मग चाकू. उघडला, मिटवला, परत उघडला, कानाशी नेऊन. मग पातं उजेडात फिरवलं आणि तिथे अक्षरं दिसली. “हे कुणी कोरलं?” एवढंच विचारलं आणि खिडकीकडे जाऊन बराच वेळ बघत बसला. नंतर म्हणाला बिनटोकाचा माझ्याकडे एकही नव्हता, मला घ्यायचा सुचलाच नाही कधी. सेंट मला परत दिला. संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा एक रुपयाचं नाणं शोधून तेही द्यावं लागलं, व्हिडिओवर, पुरावा म्हणून. दोन दिवसांत त्याने त्याच्यावर पेरू कापले, संत्री सोलली, आणि पात्यावर निळसर डाग आला तो मला कौतुकाने दाखवला.

एकूण खर्च चाकू ९२, कोरणं १८, तेल साडेआठ, म्युझियमचं तिकीट आणि तिथल्या कॅफेतलं वॉफल धरून १३५ च्या आत. दीडशेत बसलं, सासूबाईंची सुरी वेगळी.

फेब्रुवारीत चिपळूणला गेलो तेव्हा चाकू आणि सुरी दोन्ही नेले. विमानात हातातल्या बॅगेत अजिबात नाही, चेक-इनमध्ये जाड कापडात गुंडाळून, बिलासकट. भारतात आर्म्स ॲक्टच्या नियमांत नऊ इंचापेक्षा लांब किंवा दोन इंचापेक्षा रुंद पात्यांचा विषय येतो, तोही घरकामाच्या आणि शेतीच्या हत्यारांना सोडून, हा चाकू त्याच्या निम्म्यातही नाही. मुंबईला कोणी काही विचारलं नाही. सासूबाईंनी सुरी हातात घेऊन बघितली, धारेवर अंगठा आडवा फिरवला, कैरीच्या फोडी करून बघितल्या आणि म्हणाल्या बरी आहे, पण बसून कापायला विळीच. शेजारच्या काकू आलेल्या त्यांना मात्र फार आवडली, पुढच्या वेळी येताना मला एक आण म्हणाल्या, आणि जाताना एक रुपया टेबलावर ठेवून गेल्या.